मासे आधी, सायकल नंतर: ५६ लिटरची टाकी, कोथरूडचं नळाचं पाणी, ६२ दिवसांच्या नोंदी

९ नोव्हेंबर, दिवस ०

टाकी २४ × १२ × १५ इंच, ५ मिमी काच. दुकानातल्या चिठ्ठीवर ७० लिटर लिहिलंय, पण तो बाहेरच्या मापाचा गुणाकार. तळाला ६ किलो बारीक खडी, पाणी कडेपासून दोन इंच खाली. १० लिटरच्या बादलीनं मोजून भरलं: पाच बादल्या आणि वर सहा लिटर, म्हणजे ५६. पुढे मीठ, सोडा, हायपो (क्लोरीन मारणारे खडे) सगळं ह्या आकड्यावर ठरणार आहे, त्यामुळे पहिल्यांदा भरताना मोजून घ्या. नंतर मोजता येत नाही.

फिल्टर दोन स्पंजांचा, हवेच्या पंपावर चालणारा. टाकी, झाकण आणि दिवा मिळून २,६०० रुपये, पंप ३५०, स्पंज फिल्टर २५०, खडी २४०.

दुकानातला सल्ला नेहमीचाच: एक रात्र पाणी फिरू द्या, उद्या मासे सोडा. एका रात्रीत क्लोरीन थोडाफार उडतो. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनिया खाणारे जिवाणू एका रात्रीत येत नाहीत, त्यांना आठवडे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यालाच 'सायकल' म्हणतात. मासे ठरवूनच झाले होते, त्यामुळे योग्य क्रम इथेच हुकला. ह्या नोंदी तो हुकल्यानंतरच्या आहेत.

१० नोव्हेंबर, दिवस १

सहा झेब्रा डॅनिओ, दोन इंची दोन गोल्डफिश आणि तीन इंचाचा एक सकर, 'काच साफ ठेवतो' म्हणून दिलेला. ५६ लिटरच्या नव्या टाकीला हे ओझं फार झालं. सहा डॅनिओ पुरले असते.

खाद्य दिवसातून तीनदा, दर वेळी एक चिमूट.

१२ नोव्हेंबर, दिवस ३

पाणी दुधाळ. टाकीच्या एका टोकाला धरलेला हात दुसऱ्या टोकाकडून धूसर दिसतो. हा उरलेल्या खाद्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा ढग आहे. फिल्टरमध्ये बसणारे आपले जिवाणू हे नव्हेत. ढग आपोआप जातो, औषध लागत नाही.

औषध मात्र टाकून झालंय. दुकानातून मिळालेल्या छोट्या बाटलीतलं निळं औषध, सहा थेंब. ते मेथिलीन ब्लू. बुरशीवर ते चालतं, पण आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाही ते मारक आहे, शिवाय काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. डाव्या कोपऱ्यातला सांधा आजच फिकट निळा दिसतोय. अॅक्टिवेटेड कार्बनची १०० ग्रॅमची जाळीची थैली हवेच्या नळीजवळ टांगली, दोन दिवसांत रंग उतरला. कार्बन नंतर काढून टाकला.

एपीआय कंपनीचा पाणी तपासायचा फ्रेशवॉटर मास्टर किट मागवला, ३,८०० रुपये. महाग आहे. स्वस्त पट्ट्यांवर बहुधा अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि आत्ता नेमका तोच हवाय.

१३ नोव्हेंबर, दिवस ४

अमोनिया २.०, नायट्राइट ०, पीएच ७.४, तापमान २५. नळाचं पाणी वेगळं तपासलं: अमोनिया ०, पीएच ७.४.

हा आकडा कुठून आला ते पाहायला एक चिमूट सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवली: ०.३ ग्रॅम. दिवसाला ०.९. साधारण ४० टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाद्य ५६ लिटरमध्ये अंदाजे ०.७ ते ०.८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) अमोनिया करतं. तीन दिवसांचा हिशेब बरोबर दोनच्या आसपास येतो. माशांनी न खाल्लेलं खाद्यही कुजून तिथेच पोचतं.

किट दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ७.४ असेल तर साधारण १.४ टक्के, ८.० असेल तर ५ टक्क्यांच्या वर, ६.० असेल तर जवळजवळ काहीच नाही. विषारी भाग ०.०२ पीपीएमच्या खाली ठेवायचा. आज तो ०.०२८ होता. म्हणून अर्धं पाणी बदललं, २८ लिटर. अमोनिया १.० वर आला. खाद्य बंद.

क्लोरीनसाठी हायपोचे खडे वापरले, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरली आणि १० लिटरच्या बादलीला १ मिली. १०० ग्रॅमच्या पुडीला ६० रुपये, वर्षभर संपत नाही. हायपो फक्त क्लोरीन मारतो, अमोनियाला हात लावत नाही. तो टाकला म्हणजे पाणी 'सुरक्षित' झालं असं समजू नका.

१४ नोव्हेंबर, दिवस ५, गुरुवार

अमोनिया १.२५. पाणी बदलायला हवं होतं, पण आज नळाला पाणीच नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद म्हटलं की बहुतेक वेळा गुरुवार, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबानं. हे लक्षात ठेवून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवायला हव्या होत्या. ठेवल्या नव्हत्या.

करता येण्यासारखं एवढंच: खाद्य शून्य, हवा पूर्ण जोरात, दिवा बंद. डॅनिओ आठवडाभर उपाशी राहिले तरी तगतात.

१५ नोव्हेंबर, दिवस ६

नळ सुटल्यावर पहिल्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास. गढूळही. अर्धा तास वाहू देऊन मग बादल्या भरल्या, हायपो दुप्पट, म्हणजे बादलीला २ मिली. २८ लिटर बदललं. अमोनिया ०.५ ते १ च्या मधे.

इथे एक वाचनाची चूक सापडली. कालपर्यंत चाचणीची नळी पिवळ्या दिव्याखाली पाहिली जात होती. अमोनियाची चाचणी पिवळ्यावरून हिरव्याकडे जाते, त्यामुळे पिवळ्या उजेडात प्रत्येक आकडा एक पायरी कमी वाटतो. खिडकीपाशी, किटमधलं रंगांचं कार्ड पांढऱ्या कागदावर ठेवून, नळी कार्डाला टेकवून पाहा. म्हणजे १३ तारखेचे २.० बहुधा त्याहून जास्तच होते.

१७ नोव्हेंबर, दिवस ८

दोन्ही गोल्डफिश परत दिले. दुकानानं पैसे दिले नाहीत, मासे घेतले. टाकीतला निम्म्याहून जास्त अमोनिया त्या दोघांचा होता. ६२ दिवसांतला सर्वांत उपयोगी निर्णय कोणता, असं विचारलं तर हाच. बाटल्या आणि पावडरी घेण्याआधी मासे कमी करता येतात का ते पाहा.

सकर राहू दिला, तात्पुरता. तो फूटभर वाढतो, दोन फुटी टाकीत त्याचं काही काम नाही. परत द्यायचा तर दुकानात किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. पाषाण तलावात किंवा नदीत नको. आपल्याकडच्या तळ्या-नद्यांत सोडून दिलेल्या सकरांनी आधीच उच्छाद मांडलाय.

खाद्य आता दिवसाला ०.२ ग्रॅम, एकदाच, संध्याकाळी.

१९ नोव्हेंबर, दिवस १०

अमोनिया ०.५, नायट्राइट ०. एका वेळी १४ लिटर बदलायचं ठरवलं, पण कॅलेंडर बघून नाही. रोज अमोनिया मोजायचा, ०.५ च्या वर गेला की बदलायचं, खाली असेल तर हात लावायचा नाही. जिवाणूंना वाढायला थोडा अमोनिया हवाच असतो. ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून असतात. म्हणून पाणी बदलल्यानं सायकल मागे पडते ही भीती निराधार आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बाटलीतून मनी प्लांटचे तीन फुटवे आणले. मुळं पाण्यात, पानं टाकीबाहेर, झाकणाच्या फटीतून. फुकट आहे आणि नत्र ओढतो.

बाटलीतले 'जिवंत जिवाणू' याच आठवड्यात टाकून पाहिले होते, ३५० रुपये. बाटलीवर उत्पादनाची तारीख नव्हती, दुकानात ती उन्हाच्या फळीवर उभी होती. सहा दिवसांत आकड्यांवर काडीचा फरक नाही. सगळ्याच बाटल्या खोट्या असं म्हणणं नाही. तारीख नसलेली घेऊ नये, इतकंच.

२२ नोव्हेंबर, दिवस १३

अमोनिया ०.५ ते १, नायट्राइट अजून ०. तेरा दिवस काही हललं नाही.

दोन वर्षं चालू असलेल्या, निरोगी माशांच्या एका टाकीतला स्पंज मिळाला. मुठीएवढा, काळपट, पिळल्यावर चॉकलेटी पाणी सोडणारा. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणला, चाळीस मिनिटांत. इथल्या नळाच्या पाण्याचा एक थेंबही लागू दिला नाही. अर्धा आपल्या फिल्टरच्या स्पंजाला रबरबँडनं बांधला, उरलेला टाकीत फिल्टरवरच पिळला. पाणी तासभर गढूळ झालं, सकाळी स्वच्छ.

ह्यात धोका रोगाचा. ज्या टाकीत गेल्या दोन-तीन महिन्यांत नवे मासे आलेत किंवा पांढरे ठिपके दिसलेत, तिथला स्पंज फुकट मिळाला तरी नको.

हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर दहा-बारा दिवस वाचले असते.

२५ नोव्हेंबर, दिवस १६

अमोनिया ०.२५, नायट्राइट ०.२५. नायट्राइटच्या चाचणीच्या नळीतलं निळं आज पहिल्यांदा जांभळ्याकडे झुकलं.

२८ नोव्हेंबर, दिवस १९, गुरुवार

देखभालीसाठी वीज सकाळी दहा ते दोन बंद. त्याआधीच दोन बादल्या पाणी भरून ठेवलेलं होतं, त्या बाबतीत शहाणपण आलं होतं. वेगळीच गोष्ट बिघडली.

हवेचा पंप टाकीखालच्या कप्प्यात, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली होता. वीज गेली, पंप थांबला, आणि नळीतून पाणी उलटं येऊ लागलं. पंपात शिरून, कप्प्यातून, वायरच्या बाजूनं जमिनीवर. अकरा वाजता लक्षात आलं तेव्हा टाकीतलं पाणी दीड इंच उतरलं होतं. हिशेबानं सहा-सात लिटर. वीज नसल्यामुळेच धक्का बसला नाही, हे नीट समजून घ्या. पंप वाळवून पाहिला, आतला रबरी पडदा कुरकुर करायला लागलाय. नवा पंप, ३५०.

इलाज ३० रुपयांचा: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकीच्या कडेजवळ नळीत. बसवण्याआधी फुंकून दिशा तपासा, उलटा बसवला तर हवाच येत नाही. व्हॉल्व्ह कालांतरानं अडकतात, म्हणून पंपही आता टाकीच्या वरच्या फळीवर ठेवला. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी लावली, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही.

चार तास हवा बंद राहिल्यानं जिवाणूंचं फारसं बिघडत नाही, स्पंज ओला आणि पाण्यातच होता. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असता तर आतला प्राणवायू संपून काम अवघड झालं असतं. बॅटरीवरचा छोटा पंप ४०० रुपयांना घेऊन ठेवला.

३० नोव्हेंबर, दिवस २१

अमोनिया ०.२५, नायट्राइट २.०.

डॅनिओ नेहमी टाकीभर पळत असतात. आज सहाही पाण्याच्या कडेला, बुडबुडे फुटतात तिथे, तोंडं वर करून. कल्ले भराभर हलतायत, आतली लाली तपकिरीकडे. हवा तर जोरात चालू आहे. नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहून न्यायचं काम बंद पाडतं, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासे धापा टाकतात.

अर्धं पाणी बदललं, नायट्राइट १ वर. मग मीठ. १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५.६ ग्रॅम खडे मीठ, मगभर पाण्यात विरघळवून तीन वेळा अर्ध्या अर्ध्या तासानं ओतलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतं. एवढ्या प्रमाणाला सकर आणि मनी प्लांट दोघांनाही काही होत नाही. १० लिटरला मोठा चमचा वगैरे जे आकडे सांगितले जातात ते परजीवींसाठीचे, ते इथे नकोत.

रात्री नऊपर्यंत चार डॅनिओ खाली उतरले. सकाळी सहाही.

मीठ उडून जात नाही. पाणी बदललं की फक्त काढलेल्या पाण्यातलं मीठ परत टाकायचं: १४ लिटर काढलं तर १.४ ग्रॅम. दर वेळी पूर्ण मात्रा टाकत गेलात तर पाण्यात मीठ साठत जाईल.

२ डिसेंबर, दिवस २३

स्पंज काळा दिसतोय म्हणून नळाखाली पिळून, चोळून, स्वच्छ पिवळा करून परत बसवला गेला. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं की तो काळा थर म्हणजेच फिल्टर आहे. बांधलेला जुना स्पंजाचा तुकडा त्यातच, तोही धुतलेला.

टाकीवर आता चिकटपट्टीनं कागद लावलाय: स्पंज धुवायचा नाही.

धुवायचाच असेल तर पाणी बदलताना काढलेल्या बादलीत, दोनदा हलका दाबून. आणि दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. हवेचे बुडबुडे मंदावले तरच, दिसायला काळा आहे म्हणून नाही.

४ डिसेंबर, दिवस २५

अमोनिया परत १.०, नायट्राइट १.०. अपेक्षितच. सगळं शून्यावर गेलं नाही, कारण खडीवरचे जिवाणू होते. २० लिटर बदललं, २ ग्रॅम मीठ परत. खाद्य ०.१ ग्रॅम. ह्या एका धुण्याचा हिशेब: पाच दिवस आणि ६० लिटर पाणी.

९ डिसेंबर, दिवस ३०

अमोनिया ०, नायट्राइट १.०, तापमान २०. थंडी पडली. रात्री खिडकी उघडी राहिली की टाकीचं पाणी २६ वरून २० वर येतं, आणि जिवाणूंचं काम त्याबरोबर मंदावतं. ५० वॅटचा हीटर ४५० रुपये, २६ वर लावला. साधारण एका लिटरला एक वॅट पुरतं. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर उघडी पडलेली गरम काच नव्या पाण्यानं तडकते.

१४ डिसेंबर, दिवस ३५

अमोनिया ०, नायट्राइट ०.२५, नायट्रेट ०.

नायट्रेट ० येणं शक्यच नाही. महिनाभर अमोनिया गेला कुठे? मनी प्लांट एवढं पीत नाही. चूक चाचणीची होती. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतली पावडर तळाशी दगडासारखी बसते. ती बाटली आधी टेबलावर आपटून, मग अर्धा मिनिट जोरात हलवायची, १० थेंब टाकायचे, मग नळी पूर्ण एक मिनिट हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पुन्हा केलं: १०.

आणि पाण्यात नायट्राइट असेल तोवर ह्या आकड्यावर फार विसंबू नका. ही चाचणी आधी नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजते, त्यामुळे आधीचं नायट्राइटही त्यात धरलं जातं.

१७ डिसेंबर, दिवस ३८

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. तीन दिवस सलग हेच. खाद्य ०.५ ग्रॅमवर नेलं. पाणी बदलणं थांबवलं, कारण बदलायला कारण उरलं नाही असं वाटलं.

पुढच्या आठ दिवसांत पीएच एकदाही मोजला नाही.

२५ डिसेंबर, दिवस ४६

अमोनिया ०.५. नायट्राइट ०. नायट्रेट २०. पीएच ६.०, म्हणजे त्या चाचणीची सर्वांत खालची पट्टी. खरा त्याहून कमी असू शकतो.

सायकल पूर्ण झालेल्या टाकीत अमोनिया परत आला की पहिला संशय मेलेल्या माशावर किंवा धुतलेल्या स्पंजावर जातो. मासे सात, सगळे जिवंत. स्पंज काळाच. केएचचा, म्हणजे पीएच पडू न देणाऱ्या पाण्यातल्या कार्बोनेटचा, किट वेगळा मागवावा लागला, ९०० रुपये. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. प्रत्येक थेंब एक अंश. नळाचं पाणी दुसऱ्या थेंबाला पिवळं झालं. टाकीचं पहिल्याच थेंबाला पिवळं, निळं दिसलंच नाही. म्हणजे शून्य.

इथे सगळा खेळ उलगडतो. आपल्याकडे येतं ते खडकवासल्याच्या साखळीतलं धरणाचं पाणी, मऊ. त्याचा केएच मुळात दोन. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू हा केएच खातात: २.५ पीपीएम अमोनिया-नायट्रोजनला एक अंश. रोज ०.५ ग्रॅम खाद्य म्हणजे रोज सुमारे ०.३३ पीपीएम नायट्रोजन, आठ दिवसांत २.६. एक अंशाहून थोडा जास्त. आणि १७ तारखेलाही टाकीत पूर्ण दोन अंश नसणार, पाणी बदलत असताना ते कसेबसे भरून निघत होते. बदलणं थांबलं, केएच संपला, पीएच कोसळला, जिवाणू थंडावले.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. त्यामुळे त्यांचा 'महिनाभर पाणी बदललं नाही, मस्त चाललंय' हा अनुभव खरा असतो, पण धरणाच्या पाण्याला लागू पडत नाही. (उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकर रिता झाला की उलटा झटका बसतो. त्या दिवशी पाणी बदलण्याआधी पीएच पाहा.)

मासे मजेत दिसतायत, कारण पीएच ६ ला अमोनिया जवळजवळ बिनविषारी रूपात असतो. खरा सापळा दुरुस्तीत आहे. घाबरून एकदम चमचाभर सोडा टाकला आणि पीएच ८ ला गेला, तर तोच अमोनिया मिनिटांत विषारी होतो. इथे ०.५ आहे. कोणाकडे ४ असेल तर पीएच ८ ला विषारी भाग ०.२ होईल, म्हणजे मर्यादेच्या दहापट. मासे 'सोड्यानं मेले' म्हणतात ते असे.

आज फक्त १४ लिटर पाणी बदललं. खाद्य बंद.

२६ ते २८ डिसेंबर

खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. एक अंश केएचला लिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ५६ लिटरला १.६८ ग्रॅम. एका वेळी अर्धाच अंश वाढवला: ०.८५ ग्रॅम मगभर पाण्यात, सकाळी आणि संध्याकाळी, तीन दिवस. प्रत्येक मात्रेआधी पीएच आणि अमोनिया.

२६ सकाळ: पीएच ६.२, अमोनिया ०.५.
२७ सकाळ: पीएच ६.८, अमोनिया ०.५.
२८ सकाळ: पीएच ७.२, अमोनिया ०.२५.
२८ रात्र: केएच ३, पीएच ७.४, अमोनिया ०.२५ च्या आत.

जिवाणू मेले नव्हते, थांबले होते. नाहीतर दोन दिवसांत अमोनिया उतरला नसता.

२९ डिसेंबर, दिवस ५०

सोडा हा तात्पुरता उपाय. कायमचा म्हणजे शिंपल्यांचा चुरा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो, किलोला ३० रुपये. मत्स्यालयाच्या दुकानात ह्याच कामाचा माल 'कोरल' म्हणून दहापट भावानं असतो. जोंधळ्यापेक्षा मोठे तुकडे निवडून घेतले, पीठ चाळून टाकलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, दहा मिनिटं उकळलं. १५० ग्रॅम जाळीच्या थैलीत घालून थैली हवेच्या बुडबुड्यांशेजारी टांगली, म्हणजे पाणी त्यातून फिरेल. तळात पुरला तर फारसा विरघळत नाही.

पीएच उतरेल तसा चुरा जास्त विरघळतो, चढला की थांबतो. मात्रा चुकायची भीती फारशी नाही. धरणाच्या पाण्यावर नवी टाकी लावत असाल तर ही थैली पहिल्या दिवशीच टांगा. इथे ४,७०० रुपयांची किटं घेऊन ती पन्नासाव्या दिवशी आली.

३ जानेवारी, दिवस ५५

परीक्षा. सकाळी ०.५ ग्रॅम खाद्य एकदम. बारा तासांनी अमोनिया ०, नायट्राइट ०. चोवीस तासांनी तेच. केएच ३, पीएच ७.४.

मिठाची मात्रा आता परत टाकायची नाही. दर पाणीबदलात ते आपोआप कमी होत जाईल.

१० जानेवारी, दिवस ६२

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५, केएच ३, पीएच ७.४, तापमान २६. सहाही डॅनिओ शाबूत. सकर चार फुटी टाकी असलेल्या एका घरी गेला. त्याच्या जागी दोन आठवडे काहीही आणायचं नाही, मग हवे तर तीन डॅनिओ. एका वेळी तीनच, आणि त्यानंतर आठवडाभर रोज अमोनिया.

खर्च, टाकीसकट: साधारण १०,२००. त्यात वाया गेलेले बाटलीतल्या जिवाणूंचे ३५०, भिजलेल्या पंपाचे ३५०, दोन गोल्डफिशचे १२०. पाणी सुमारे ३९० लिटर, बदललेलं. ते रोपांना गेलं, मीठ होतं ते आठवडे वगळून.

दर आठवड्याला १४ लिटर, बुधवारी. गुरुवारी नळाचा भरवसा नाही.